मेलेल्याची थकबाकी : ख्रिस्ती पुनरुत्थानाच्या आशेविषयी



आपल्याकडे कोणालाही विचारा, ख्रिस्ती सणांपैकी तुम्हाला कोणते माहीत आहेत? तो दोन सांगेल : नाताळ आणि गुड फ्रायडे. कारण उघड आहे. सुट्ट्यांच्या यादीत हे दोनच असतात. ईस्टर नेहमी रविवारी येतो. आणि रविवारी येणाऱ्या सणाविषयी नोकरदार माणसाच्या मनात 'एक सुट्टी बुडाली' एवढीच भावना असते. परिणाम असा की, येशू ख्रिस्ताला क्रुसावर मारले तो शुक्रवार आपल्याला पाठ आहे. तो मेलेल्यांतून उठला असे ख्रिस्ती लोक ज्या दिवशी मानतात तो रविवार मात्र आपल्याला ठाऊक नाही. गोष्टीचा पूर्वार्ध ऐकून आपण उठून आलो आहोत. आणि ख्रिस्ती माणसाला विचाराल तर सारा भार उत्तरार्धावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट, असे पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून रोखठोक कळवले आहे. हे पत्र इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमाराचे आहे.

विषय वसंत ऋतूला धरूनही आहे. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार तो ईस्टर. म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या हनुमान जयंतीच्या आगेमागेच.

मी ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, मोर्चाच्या आदल्या रात्री पाट्या रंगवून झाल्यावर जेवढे झाले तेवढे. बायबल प्रथम हातात दिले ते वसईकडच्या एका फिटरने. मी माझ्या धंद्याच्या भाषेत बोलणार आहे. त्या भाषेत चार्जशीट, इन्क्वायरी, स्टे आणि थकबाकी हेच शब्द आहेत. पण आजचा विषय त्या शब्दांत बसतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम, पुनरुत्थान म्हणजे काय नव्हे ते पाहू. बायबलात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. त्यात त्रोवस गावची एक हकीकत आहे. पौल तिथे माडीवर बोलायला उभा राहिला आणि मध्यरात्रीपर्यंत बोलतच राहिला. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा मेलेला होता. पौल खाली गेला, त्याला कवटाळले, 'घाबरू नका, याच्यात जीव आहे' अशा अर्थाचे बोलला. आणि मग वर जाऊन, भाकर मोडून, पहाटेपर्यंत पुन्हा बोलला! व्याख्यानमालांच्या इतिहासात श्रोता मेल्यावरही न थांबलेला दुसरा वक्ता माझ्या वाचनात नाही. आजच्या श्रोत्यांनी खिडक्यांपासून जरा दूर बसावे.

पण युतुख उठला, हे पुनरुत्थान नव्हे. चार दिवस कबरीत राहिलेला लाजर येशूच्या हाकेने बाहेर आला, तेही पुनरुत्थान नव्हे. कारण हे दोघे पुढे कधीतरी मेलेच. लाजराची तर आणखी पंचाईत झाली. हा जिवंत फिरतो म्हणून लोक येशूकडे वळतात हे पाहून मुख्य याजकांनी त्यालाही मारायचा बेत केला, असे योहान लिहितो. आमच्या भाषेत सांगायचे तर लाजराला स्टे मिळाला होता. स्टे ही चांगली गोष्ट आहे. त्या दिवशी घरी पेढे वाटतात. पण स्टे म्हणजे निकाल नव्हे. मालक उद्या वरच्या कोर्टात जाऊ शकतो. पुनरुत्थान हा अखेरचा निकाल आहे. त्यावर मृत्यूला अपील नाही.

दुसरे, पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. हा फरक लहानमोठेपणा दाखवण्यासाठी सांगत नाही. दोन वेगळ्या कल्पनांना एकच नाव पडू नये म्हणून सांगतो. पुनर्जन्मात जीवाला नवे शरीर, नवे आईबाप, नवे नाव मिळते. मागचा हिशेब बरोबर येतो, पण जुने नाव गेलेले असते. ही नवी नेमणूक झाली. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाने, त्याच्याच देहाने उठतो, फक्त तो देह आता मरत नाही. कामगार न्यायालयाच्या निवाड्यात एक ठरलेले वाक्य असते : 'सेवेतील सातत्य आणि मागील पूर्ण वेतनासह पुन्हा कामावर घ्यावे.' त्यातले 'सेवेतील सातत्य' हे शब्द कामगाराला किती मोलाचे असतात ते ज्याने वीस वर्षांची नोकरी गमावली आहे त्याला विचारा. नवी नेमणूक त्याला नको असते. त्याला त्याची जुनी वीस वर्षे हवी असतात.

तिसरे, हा केवळ आत्म्याच्या अमरत्वाचा विचारही नव्हे. ग्रीक तत्त्वज्ञांपैकी पुष्कळांना आत्मा अमर आहे हे मान्य होते. देह म्हणजे त्यांच्या मते अडगळ. म्हणून पौल अथेन्समध्ये बोलायला गेला तेव्हा लोकांनी शांतपणे ऐकले. पण मेलेले उठतील हा शब्द निघताच काहीजण हसू लागले आणि काहीजण म्हणाले, याविषयी तुमचे पुन्हा कधीतरी ऐकू. आमच्या मागणीपत्रावर 'सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल' असा शेरा पडतो, त्याचीच ही पहिली आवृत्ती. अथेन्सच्या लोकांचे आणखी एक गमतीचे आहे. हा मनुष्य परक्या देवांचा प्रचार करतो, असे ते पौलाविषयी म्हणत. ग्रीक भाषेत पुनरुत्थानाला 'अनास्तासिस' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. येशू हा एक देव आणि अनास्तासिस ही त्याच्या जोडीची देवी, असा त्यांचा समज झाला असावा, असे चौथ्या शतकातला ख्रिसोस्टम सांगतो.

आता ही विचित्र आशा निघाली कोठून? ती स्मशानातल्या भीतीतून निघाली असे आपल्याला वाटते. इतिहास वेगळे सांगतो. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अंतियोख नावाच्या राजाने यहुदी लोकांचा धर्माचार बंद पाडण्यासाठी भयंकर जुलूम केला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, जे कॅथलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बायबलात नाही, एका आईच्या सात मुलांची कथा आहे. राजाचा हुकूम मोडला म्हणून त्यांना एकामागून एक हालहाल करून मारले. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने आपण होऊन हात पुढे केले. हे हात मला देवाने दिले आणि त्याच्याकडूनच ते परत मिळतील अशी माझी आशा आहे, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता.

हे ध्यानात घ्या. तो स्वर्गातल्या बागा मागत नाही. तो आपले हात परत मागतो. प्रामाणिक माणूस प्रामाणिकपणासाठीच मारला गेला, तर त्याचा हिशेब कोण पुरा करणार? मारणारा तर म्हाताराा होऊन अंथरुणावर मरतो. तेव्हा देव न्यायी असेल तर मृत्यूच्या तारखेला खाते बंद होता कामा नये. पुनरुत्थानाची आशा या प्रश्नाच्या पोटी वाढली. ती थकबाकीची मागणी आहे.

म्हणूनच ती कोणाला नको होती हेही पाहण्यासारखे आहे. येशूच्या काळी सदूकी नावाचा पक्ष होता. देवळाचा कारभार आणि पैसा ज्या घराण्यांकडे होता, ती बहुतेक त्यात होती. त्यांच्या मागे फक्त श्रीमंत लोक आहेत, असे इतिहासकार जोसेफसने लिहिले आहे. पुनरुत्थान वगैरे काही नाही, असे सदूकी म्हणत. ज्याचा पगार वेळेवर होतो त्याला थकबाकीचे बिल हास्यास्पदच वाटायचे. त्यांनी येशूला एक कोडे घातले. सात भाऊ होते. थोरल्याने लग्न केले आणि तो निपुत्रिक वारला. रूढीप्रमाणे दुसऱ्याने त्याच विधवेशी लग्न केले, तोही वारला. असे सातही गेले. शेवटी बाईही गेली. पुनरुत्थानात ती कोणाची बायको? हा प्रश्न नव्हता, टिंगल होती. मला वाटते, सातव्या भावाने लग्नाला होकार कसा दिला, हे त्यांनी आधी विचारायला हवे होते. येशूने सांगितले की त्या जीवनात लग्न लावणे आणि लावून देणे नाही. त्या बाईला तिथे कोणी कोणाच्या नावावर चढवणार नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. पुढे तो म्हणाला, देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे.

ईस्टरच्या मूळ हकिकती वाचल्या तर त्यांत पदोपदी असाच रोजच्या जगण्यातला विनोद भेटतो. मत्तयाने कबरीवरच्या पहारेकऱ्यांची गोष्ट दिली आहे. कबर रिकामी सापडली तेव्हा याजकांनी त्यांना पैसे चारून जबानी पढवली : रात्री आम्ही झोपलो असताना त्याचे शिष्य आले आणि प्रेत चोरून घेऊन गेले. मी पुष्कळ वॉचमन लोकांच्या इन्क्वायरीत त्यांच्या बाजूने बसलो आहे. 'मी झोपलो होतो' असे कबूल करणारा एकही अजून भेटला नाही. आणि कबूल केलेच, तर पुढचा प्रश्न ठरलेला : झोपला होतास, तर चोर कोण होते ते कसे पाहिलेस? हाच टोला संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी मारून ठेवला आहे. साक्षीदार आणलेत ते झोपलेले, असे तो म्हणतो.

पुढे पाहा. उठलेला येशू प्रथम दिसला तो मरीया मग्दालियेला, आणि तिला तो माळी वाटला. बाया धावत जाऊन शिष्यांना सांगतात, तर त्या मोठमोठ्या प्रेषितांना ती बायकांची बडबड वाटते. बाईने पाहिलेले खरे धरायचे नाही, ही खोड फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे असे नाही. मग येशू स्वतः खोलीत येतो. शिष्यांना भूत वाटते. तो म्हणतो, खायला काही आहे का? आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. मृत्यूवर विजय मिळवून आलेला पुरुष आधी विचारतो तो जेवणाचा प्रश्न, हे मला फार आवडते. शेवटी समुद्राकाठी तो शिष्यांसाठी न्याहारी करून ठेवतो. त्या सकाळी जाळ्यात मासे किती आले होते? एकशे त्रेपन्न. या आकड्याचे गूढ अर्थ लावण्यात विद्वानांनी शतके घालवली. आमच्या फिटरचे म्हणणे साधे होते : ते कोळी होते, देव समोर उभा असला तरी मासळी मोजल्याशिवाय कोळी राहत नाही.

पण या सगळ्या हसण्यात एक गंभीर खूण आहे. उठलेल्या देहावर जखमा तशाच होत्या. थोमाला विश्वास बसेना तेव्हा त्याला हातांतले खिळ्यांचे व्रण आणि कुशीतला भाल्याचा घाव दाखवला. नवा देह कोरा करकरीत नव्हता. झाले ते झालेच नाही, असे या आशेत कोणी म्हणत नाही. अपघात बुकात लिहिलेला राहतो. फक्त तो शेवटची ओळ ठरत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ता होता. अंगठा गेला की तीस टक्के. असा तक्ता लागतो. त्यासाठी आम्ही भांडतो. पण तीस टक्के घेऊन घरी गेलेल्या माणसाला अंगठा मिळालेला नसतो. मक्काबींच्या त्या तिसऱ्या भावाची मागणी टक्क्यांची नव्हती.

देह उठणार म्हटले की देहाच्या अडचणीही आल्या. कोणत्या शरीराने उठणार, असे विचारणाऱ्याला पौल सरळ मूर्ख म्हणतो, आणि मग शेतकऱ्याचा दाखला देतो : पेरतोस तो दाणा आणि उगवते ते रोप दिसायला एक नसते, तरी गव्हाच्या दाण्याचा गहूच येतो. तरीही लोकांच्या शंका थांबल्या नाहीत. कापलेल्या केसांचे आणि नखांचे काय? लहानपणी गेलेले मूल कोणत्या वयाचे उठेल? ऑगस्टीनने 'ईश्वराची नगरी' या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या भागात या शंकांना धीराने उत्तरे दिली आहेत. लठ्ठ आणि हडकुळ्या माणसांनी तिथेही आपण असेच दिसू अशी भीती बाळगू नये, असा दिलासाही त्याने दिला आहे. ग्रंथ एवढा मोठा, पण या एका वाक्यासाठी वाचक त्याला दुवा देत असतील.

याच देहाच्या आदरापोटी कॅथलिक चर्चने दीर्घ काळ दहनाला मनाई केली होती. १९६३ साली ती सैल झाली. आता जाळलेली राख काय आणि मातीत मिसळलेली हाडे काय, उठवणाऱ्याला दोन्ही सारखीच. आपल्या मुंबईत तर जागेची टंचाई अशी की काही ख्रिस्ती दफनभूमींत ठरावीक काळानंतर कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या लहानशा कप्प्यात ठेवतात. जिवंतपणी दहा बाय बाराची खोली, मेल्यावर फूटभर कप्पा. मुंबईकराला पुनरुत्थानाचा पहिला आनंद बहुधा हात-पाय पसरायला मिळाल्याचाच व्हायचा.

मृत्यूच्या विषयावर हा असा हसण्याचा अधिकार मी माझ्या पदरचा घेत नाही. जर्मन मुलखात, विशेषतः बव्हेरियात, मध्ययुगाच्या अखेरीस एक चालच होती : ईस्टरच्या प्रवचनात पाद्रीबोवांनी लोकांना हसवायचे. त्याला ईस्टरचे हसू म्हणत. कोणी कोकिळेसारखा आवाज काढी, कोणी हंसासारखा कलकलाट करी. बाझेल शहरातल्या ओकोलांपाडिउस नावाच्या प्रवचनकाराने हा थिल्लरपणा पसंत नसल्याचे १५१८ साली पत्र लिहून जाहीर केले. त्यामुळेच आज ही चाल आपल्याला इतकी तपशिलात माहीत आहे. निषेधाचे पत्रक काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पण थिल्लरपणा सोडला तरी त्या हसण्याला आधार होता. ऑगस्टीन क्रुसाला सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा म्हणतो. निसाचा ग्रेगरी गळाचा दाखला देतो : मृत्यूने आमिष गिळले आणि आतला गळ त्याच्या घशात अडकला. म्हणजे सर्वांना गिळणारा जो सर्वांत मोठा मालक, तो एकदा फसला. आणि ज्या मालकाची एकदा सर्वांदेखत फजिती झाली, त्याची नोटीस पुन्हा कोणी पूर्वीसारखी थरथरत वाचत नाही. कारखान्यात भीती जाते ती भाषणाने क्वचित. साहेबाची नक्कल करून चार माणसे हसली, त्या दिवशी ती निघायला लागते. मराठीत ख्रिस्ती माणसाचे निर्मळ हसणे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' उघडावे. दारिद्र्य, प्लेग, ताटातूट हे सारे त्या पुस्तकात आहे, आणि तरी पान उलटले की हसू येते.

आता माझ्या बाजूच्या लोकांचा आक्षेप. मेल्यावर सगळे मिळेल ही आशा जिवंतपणी काही मिळू नये यासाठीच दिली जाते, असे आम्ही म्हणत आलो. मार्क्सने धर्माला अफू म्हटले ते १८४४ साली छापलेल्या लेखात. त्याच ठिकाणी तो धर्माला पिळल्या गेलेल्या जीवाचा सुस्काराही म्हणतो, हे आमचे वक्ते सहसा सांगत नाहीत. अमेरिकेतला कामगार गीतकार जो हिल याने १९११ साली उपाशी कामगाराला आकाशातली मिठाई दाखवणाऱ्या उपदेशकांची टर उडवणारे गाणे रचले. १९१५ साली युटा राज्यात त्याला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. आक्षेप खोटा नाही. पुनरुत्थानाच्या नावावर मजुरी बुडवणारे पुष्कळ झाले. पण हा दोष आशेचा, की ती चोरून वापरणाऱ्याचा?

एक उदाहरण देतो. १ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेतले मेंफिस शहर. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन निग्रो सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर एवढेच होते की मी माणूस आहे. त्यांच्या सभा चर्चमध्ये होत, त्यांचे पुढारीपण पाद्री करीत, आणि त्यांना साथ द्यायला आलेला मार्टिन ल्यूथर किंग हाही बाप्टिस्ट पाद्रीच होता. ४ एप्रिलला त्याला तिथेच गोळी घातली. त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला होता. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली, पगारवाढ दिली. ज्यांनी आयुष्यभर ईस्टरची गाणी म्हटली होती, ते या आशेने झोपले नव्हते. मरणाच्या धमकीने ते हलत नाहीत, एवढाच त्या आशेचा परिणाम दिसला.

मात्र इथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. तडजोड झाली, पगार वाढला. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर यांना काय मिळाले? जो हिलची राख लिफाफ्यांत घालून त्याच्या साथींना वाटण्यात आली, आणि तो मेला नाही असे सांगणारे गाणे १९३० नंतरच्या दशकात घरोघर पोहोचले. पण ज्याच्यावर कोणी गाणे रचले नाही त्याचे काय? माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंताने १९३७ साली आपला मित्र वाल्टर बेन्यामिन याला पत्रातून हेच विचारले होते. झालेला अन्याय होऊन गेला, मारले गेलेले खरोखरच मारले गेले. ते खाते अजून उघडे आहे असे म्हणायचे तर अंतिम न्यायाच्या दिवसावर विश्वास ठेवावा लागेल, असा त्याचा मुद्दा. बेन्यामिनने उत्तरादाखल आपल्या टिपणांत नोंदवले की आठवण ठेवणे हे संपलेल्यालाही न संपलेले करू शकते. दोघेही डावे. तरी दोघांनाही मेलेल्यांचा हिशेब मिटवून टाकता आला नाही.

मला हा प्रश्न पुस्तकात भेटण्याआधी न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटला होता. एका कारखान्यातून काढलेल्या आमच्या सभासदाचा खटला चौदा वर्षे चालला. निवाडा लागला, ठरलेल्या वाक्यासह : सेवेतील सातत्य आणि मागील पूर्ण वेतनासह पुन्हा कामावर घ्यावे. निवाड्याच्या आठ महिने आधी तो वारला होता. वारस म्हणून त्याच्या पत्नीचे नाव दाखल केले होते. त्या आल्या. मी त्यांना निकाल वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "भाऊ, पैसे मिळतील हे समजलं. पण कामावर घ्या असं लिहिलंय ना? ते कोणाला?"

मला उत्तर सुचले नाही. बरोबर तो वसईचा फिटर होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, त्या वाक्याचा अर्धा भाग युनियनकडे आहे. उरलेला आम्ही ईस्टरला मागतो."

याहून नेमके स्पष्टीकरण मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. मागील वेतन मिळवून देणे हे माणसांचे काम आहे. ते देवावर ढकलण्याचा कोणाला अधिकार नाही. पण गेलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या जागेवर उभे करणे हे कोणत्याही युनियनला, कोणत्याही क्रांतीला जमलेले नाही. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्या संपानंतर देणी मिळण्याची वाट पाहत जी माणसे गेली, त्यांची मुले आज रांगेत वारस म्हणून उभी राहतात. वारसाला घर मिळेल, रक्कम मिळेल. ज्याने वाट पाहिली त्याला काही मिळत नाही. ख्रिस्ती माणूस म्हणतो, त्यालाही मिळेल; त्याच नावाने, त्याच हातांत. हे खरे आहे का, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पण ही मागणी चुकीची आहे असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. एवढी मोठी मागणी करणारे मागणीपत्र मी दुसरे पाहिलेले नाही.

आणि ते मागणीपत्र लिहिणाऱ्याने पुढे काय केले, ते सांगून संपवतो. पौल हा तंबू शिवणारा कारागीर. करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो त्याच धंद्यात काम करीत असे. करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा पंधरावा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. अखेरीस तो मृत्यूला हिणवतो, तुझा विजय कुठे आहे म्हणून विचारतो. तिथून तो कुठे जाईल असे आपल्याला वाटते? स्वर्गाच्या वर्णनाकडे? नाही. तो म्हणतो, म्हणून खंबीर राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत. आणि लगेच सोळाव्या अध्यायाची पहिली ओळ वर्गणीची आहे! यरुशलेमच्या गरिबांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करण्याची धावपळ नको. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकात झाली. पौलाच्या पत्रात मध्ये रेघसुद्धा नव्हती. मृत्यूचा पराभव आणि गरिबांची वर्गणी एकाच दमात लिहिलेली होती. शिवाय आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, पुनरुत्थानाचाच वार.

हे वाचले तेव्हा हा माणूस आमच्यापैकी आहे, अशी माझी खात्री पटली. ज्याची आशा पावतीपुस्तकापर्यंत येऊन पोहोचते, तिला अफू म्हणता येत नाही. एवढे बोलूनही खिडकीतून कोणी पडले नाही.